उलटा गेंडा

१४ जुलै, सोमवार

आज मी चुनीलाल आबाला फसवलं. आबा अजून गल्लीत नाचतोय. गुडघ्यामुळे पाय उचलत नाहीत, पण हात वर आहेत.

कोणाला सांगता येणार नाही आणि पोटात राहत नाही, म्हणून इथं लिहितो. बापाचा शिकंजा आमच्या ओट्यावरच्या टेबलाला जोडलेला आहे. लोखंडी. दांडा फिरवला की दोन जबडे आवळतात. बाप त्यात पाण्याच्या मोटारींचे पार्ट धरायचा. बाप गेल्यापासून तो गोणपाटाखालीच. मी त्याला तेल पाजलं. पाचचं पिवळं नाणं घेतलं, त्यावर रुपयाचं पांढरं ठेवलं — पांढरं कडक, पिवळं नरम — आणि दांड्यात पाइप घालून वर लोंबकळलो. काढून बघतो तर पाचच्या अंगात एक रुपया उलटा रुतलेला, आरशात दिसतो तसा. भारी!

मागच्या बाजूला सिंहाच्या कानापाशी तांदळाच्या कणीएवढा फुगवटा आला. जबड्याचा तिथं टवका उडालाय ना, पिवळं त्यात घुसलं. तो टवकाही मीच उडवलेला. पहिलीत होतो. लोखंड फुटतं का बघायला हातोडा मारला. फुटतं. बापाने कान पिळला तो दिवाळीपर्यंत लाल होता.

मंग ते नाणं आबाच्या पिशवीत. आबा समोर राहतो, एसटीतून रिटायर कंडक्टर. शहाद्याच्या बँकेतून शंभर-शंभर नाण्यांच्या प्लास्टिकच्या पिशव्या आणतो आणि एकेक नाणं न्याहाळतो. टाकसाळीत चुकून वाकडं छापलेलं एखादं मिळेल म्हणून. शौकीन लोक अशा नाण्याला मोठी किंमत देतात म्हणे. आबाला आयुष्यात एकही मिळालं नाही. मी एक पिशवी अलगद उसवली, नाणं टाकलं, मेणबत्तीने परत चिकटवली, आणि आबाला म्हटलं, ही एक तरी फोड.

तासाभरात हाक — "ललित! पयत ये! देख, माले काय सापडनं!"

१५ जुलै

आबा नाणं अगरबत्तीच्या डबीत कापसावर घेऊन फिरतोय. किराणावाला उदेसिंग म्हणाला, "आबा, याना पाच रुपयानी साखर लई जाय."

आबा म्हणाला, "यामा तुन्हं दुकान ई जाई. तुन्हासकट."

१६ जुलै

हसून हसून जेवण गेलं नाही.

१९ जुलै

आता तेवढं हसू येत नाही.

आबाची बायको, फुलवंता काकू, हिवाळ्यात गेली तेव्हापासून आबा पिशव्या आणायचा, पण उघडायचा नाही. कपाटात रचून ठेवायचा. दुपारी दार लावून पडून असायचा. माझी माय ताट घेऊन जायची, अर्धं परत यायचं. मी त्या पिशवीत हात घातला तो त्याच्यामुळेच — म्हटलं जरा गंमत करू. खरं सांगतो, आधी गंमतच होती.

आज आबाने मला हाक मारली. पितळी ताट मधे ठेवलेलं. "बस. चष्मा मन्हा, डोया तुन्हा."

त्याने पिशवी फोडून ताटात ओतली आणि तो आवाज झाला. खळ्ळ! कितीतरी वर्षांनी. मी एकदम एवढासा झालो. बाप ओट्यावर उकिडवा, हाताला मोटारीच्या वार्निशचा वास. आबा ड्यूटीवरून खाकीतच आलेला, चामडी पिशवी गळ्यात. काकू चहा आणून म्हणायची, "तीन लहान पोऱ्या खेयी ऱ्हायनात." बापाचं एकच शिकवणं — "पालथं करी देख. समोरतून सगळा सारखाच ऱ्हातस." शाळेत मी काही शिकलो नाही, पण हे शिकलो.

नाणी हाताळली की बोटांना एक वास येतो. तोही तोच. आबा आज दोन भाकरी जेवला. माय म्हणाली, "काय जादू करी रे त्यावर?"

मी म्हटलं, "माले काय माहीत."

२३ जुलै

आपल्या गेंड्याचं लिहायचं राहिलं.

मी दुसरीत होतो. सरकार चार आणे बंद करणार होतं. आबाने गावभर फिरून डबे, बरण्या, पोरांचे गल्ले गोळा केले, बँकेत भरून देतो म्हणून, आणि सगळे आमच्या ओट्यावर ओतले. माझ्या कमरेएवढा ढीग. बाप म्हणाला, "पुन्हा चार आणा दिसाव नई. धुंड." रोज शाळेतून आलो की दप्तर फेकून ढिगात. बाप एकीकडे, आबा एकीकडे. काही नाही. रोज काही नाही. उद्या बँकेत भरायचे अशी वेळ आली तेव्हा मी ढिगाला लाथ मारली आणि भोकाड पसरलं. बाप रागावला नाही. "सकाय देखूत," म्हणाला.

सकाळी वरच्या वर, माझ्या हाताखाली ते आलं! जुनं चार आण्याचं नाणं, आणि त्यात दुसऱ्या, नव्या चार आण्यावरचा गेंडा रुतलेला. उलटा. तोंड भलत्याच बाजूला.

आबा एवढ्याने ओरडला की कुत्री उठली. बापाने मला खांद्यावर घेतलं आणि नवरदेवासारखं गल्लीतून फिरवलं. राजेंद्र फिटरचा पोऱ्या, नशीबवान पोऱ्या! त्या दिवसापासून मी गावात कोणीतरी झालो. नापास झालो तेव्हाही माय हेच म्हणायची, "ऱ्हाऊ दे, गेंडा त्यालेच सापडना ना."

आबा म्हणत होता सुरतला नेऊ, व्यापाऱ्याला दाखवू. बापाने ऐकलं नाही. "हाई कानबाईनं," म्हणाला. "आते याले कोणी हात लावानं नई."

आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते, तिच्यापुढे सव्वा रुपया ठेवतात. चार आणे बंद झाले तरी सव्वाचा सव्वाच लागतो. म्हणून घरोघर एक जुना चार आणा जपून ठेवलेला असतो. सण झाला की परत पेटीत. आमच्या घरचा तो चार आणा म्हणजे माझा गेंडा. लाल फडक्यात असतो. वर्षातून एकदा माय काढते, गेंडा वर करून पाटावर ठेवते, विसर्जन झालं की पुन्हा फडक्यात. देवीचं झालेलं नाणं कोण चाचपणार?

२७ जुलै

मेलो.

आबाने मोबाइलवर फोटो पाठवला. सुरतचा व्यापारी म्हणाला, घेऊन या, हातात घेऊन बघू. आबा कानबाई झाल्यावर निघणार. मंगळवारची एसटी. पांढरा सदरा धुवायला टाकलाय. गावाला सांगून झालंय. उदेसिंग म्हणाला येताना पेढे आणा, आबा म्हणाला टेम्पो आणतो.

व्यापारी भिंग लावेल, हसेल, आणि चार गिऱ्हाइकांसमोर म्हणेल, काका, कोणीतरी उल्लू बनवलं. मंग आबा परत येईल आणि दार लावून घेईल. ते दार परत उघडायचं नाही.

मी म्हटलं, "आबा, नाणं खोटं निंघनं तर?"

"तुले काय समजस? बारावीमा दोनदा गचकना."

"म्हणून तर म्हणतो. माले नापास व्हवाना अनुभव शे."

आबा एवढा हसला की डबी हातातून सुटली. सांगायचं राहिलंच.

३० जुलै

चोरायचं ठरवलं. नाणंच नसलं तर सुरत कशाला? आबा दुपारी झोपलेला. डबी बंडीच्या आतल्या खिशात. दोन बोटं घातली आणि आबाने डोळे न उघडता विचारलं, "काय करी ऱ्हायना रे?"

"डास मारी ऱ्हायनू."

"खिसामा?"

मंग त्याने उठून चहा ठेवला. स्वतः. काकू गेल्यापासून त्या घरात पहिल्यांदा चहा झाला असेल. मी प्यालो. गोड मिट्ट होता. आबा म्हणाला, "राजेंद्र ऱ्हाता तर आज त्याले किती बरं वाटतं."

मला ठसका लागला.

२ ऑगस्ट

घर सारवून झालं. रोटाचे, म्हणजे कानबाईच्या प्रसादाच्या पोळ्यांचे, गहू निवडले — घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ. आमच्या घरात पुरुष मी एकटा. माय सव्वा मूठ मोजून थांबली, हात परत गव्हाकडे गेला, रिकामाच मागे आला. दरवर्षी असंच होतं. मी दुसरीकडे बघतो.

उद्या आबाला सांगून टाकणार. कानबाईसमोर खोटं बोलवत नाही म्हणतात. बघू. मारलं तर मारलं. सुरतेत हसं होण्यापेक्षा आमच्या घरात झालेलं बरं.

३ ऑगस्ट, रविवार

कानबाई बसली. नारळाला नथ, डोळे, हिरवं लुगडं. बायका गाणी म्हणायला जमल्या. मायने लाल फडकं सोडलं, रुपया ठेवला, शेजारी गेंडा.

आबा धुतलेला सदरा घालून आला. पाया पडला आणि डबी काढली. "अनुसया, जरा तुन्हा गेंडाजोडे हाई ठेव. देखूत."

मायने थोडं का-कू केलं, मंग आबाचं नाणं गेंड्याशेजारी ठेवलं. आबाने चष्मा पुसला आणि पाटाजवळ वाकला. हात लावला नाही, नुसता बघत राहिला. याचा उलटा रुपया, त्याचा उलटा गेंडा. दोन्ही सारखेच रुतलेले.

"अनुसया," आबा म्हणाला. "हाऊ तं राजेंद्रना नाणाना भाऊ शे. एकच मशीन. त्या मशीनले खोडच शे. इतला वरीस व्हयनात, पण खोड काय गई नई."

मी मनात म्हटलं, आबा, कुठली टाकसाळ आणि कुठला आमचा ओटा! हसू दाबलं. मंग आठवलं की सांगायचंय. पुढे झालो. "आबा, त्या नाणानं—"

"माले माहीत शे तू काय सांगस," त्याने मला थांबवलं. "इकानं नई. बरोबर शे. भाऊभाऊसले कसाले फोडू? ऱ्हाऊ दे आठेच. सुरत कॅन्सल."

मायने डोळ्याला पदर लावला. म्हणाली, "आबा, आते दरवरीस नाणं देखाले येवानं. अन् जेवाले रोज." आबाने मान हलवली. बायकांनी पुढचं गाणं धरलं.

मी तोंड मिटलं. एवढा मोठा घोटाळा असा आपोआप मिटला! एक आहे — जे देवीचं झालं त्याला कोणी भिंग लावत नाही. बापाने माझा गेंडा असाच वाचवला होता सुरतपासून, तसंच आबाचं नाणं वाचलं.

४ ऑगस्ट, सोमवार

विसर्जन झालं. माय म्हणाली, दोन्ही नाणी तूच बांध.

बांधता बांधता सवयीने गेंडा पालथा केला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा.

सिंहाच्या कानापाशी कणीएवढा फुगवटा.

आबाचं नाणं शेजारी धरलं. तोच फुगवटा. तीच जागा.

ओट्यावर गेलो, गोणपाट काढलं, माझ्या हातोड्याने उडवलेल्या त्या टवक्यात बोट घातलं. रात्रभर लोंबकळला असेल बाप या दांड्याला. मी रडत झोपलो म्हणून.

वहीच्या पाना, हात जोडतो. आणि कोणी वाचत असेल तर त्यालाही. आबाला सांगू नका, मायला तर अजिबात सांगू नका. माझं नाव गेलं तरी चालेल. पण बापाने एवढी वर्षं लपवलं, ते माझ्यामुळे फुटायला नको. तुम्हाला कानबाईची आण आहे.