चिमणीला दारातून आत घ्यावे

मी, निवृत्त भूगोल शिक्षिका, अविवाहित, वय चौऱ्याहत्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या बुद्धीने व स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे.

१. धाकट्या भावाला काहीही देत नाही. त्याला हवे ते त्याने न विचारता नेलेले आहे. नळदुरुस्तीला जाई त्या घराच्या न्हाणीघराची खिडकी तो नजरेने मोजून येई आणि मग तिच्यातून आपल्या बारा वर्षांच्या मुलीला आत सोडी. ती पकडली गेली, हा पळाला.

२. राहते घर सामानासह त्याच मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला, चिमणीला देत आहे. बालगृहातून तिला मी आणले. न्यायाधीशांनी विचारले, "एकट्या सांभाळाल?" म्हटले, "वर्गात साठ सांभाळते."

पहिल्याच संध्याकाळी तिने विचारले, "आत्या, कपाटाची किल्ली अशी खिळ्यावर? मी घेतली तर?"

"काम झालं की परत अडकव."

तिने ती नेहमी परत अडकवली.

३. बँकेतील ठेव त्या बालगृहाला. न्हाणीघरांच्या दारांना आतून कड्या बसवाव्यात. चिमणीची तिथली तेवढी एकच तक्रार होती.

४. थोरल्या बहिणीस माझी साबणदाणी. माझ्या निवृत्तीच्या जेवणाला ताईची अंगठी हरवली तेव्हा ती सर्वांदेखत म्हणाली, "आधी हिची पिशवी बघा. बापाचं रक्त कुठे जातंय!" चिमणीने स्वतःच पिशवी टेबलावर पालथी केली. कंगवा, रुमाल आणि माझ्यासाठी आणलेले चष्म्याचे घर. अंगठी साबणदाणीत सापडली. "मिळाली ना, झालं तर मग," इति ताई.

चिमणी त्या दिवशी गेली ती या घरात परत आली नाही. परगावी खिडक्यांना काचा बसवते. रविवारी फोन करते. "आत्या, जेवलात?" मी "हो" म्हणते. दुसरी खुर्ची मी अजून पुसते.

लहानपणीचा गुन्हा कायद्याने पुसला. नातेवाइकांनी तो पुन्हा उकरून या मृत्युपत्रास हरकत घेऊ नये.

५. माझी सोन्याची साखळीही ताईला मिळेल, एका अटीवर. मी गेल्यावर चिमणी येईल, तेव्हा ताईने पुढचे दार स्वतः उघडावे आणि सर्वांदेखत तिला "आत ये" म्हणावे. न म्हटल्यास साबणदाणीवर भागवावे.

हे वाचून समोरचे शिंपी म्हणाले, "बाई, मेल्यावर कशाला? आत्ताच ताईंना सांगा की."

सांगून पाहिले आहे. माझ्या शब्दाला ती हलत नाही. साखळीला हलेल.

६. कपाटाची किल्ली खिळ्यावर आहे. ती तिथून कोणी काढू नये. चिमणी काढील.

माझ्या राहत्या घरी, स्वयंपाकघरातील टेबलावर, मंगळवारी दुपारी सही केली.

सही: चिमणीची आत्या

आमच्यासमोर सही झाली:
समोरचे शिंपी
कोपऱ्यावरच्या दवाखान्यातील डॉक्टरीणबाई