तपासणीचे मासे

अण्णा, आज तुमचा इतका राग आलाय की तो कुणाशी बोलून संपणार नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता भांडायचं तरी कुणाशी? म्हणून लिहायला बसलेय.

मी पोटासाठी काय करते ते तुम्हाला कळायचं राहूनच गेलं. मी कारखान्यांच्या मालकांना आणि मॅनेजरांना शिकवते: सांडपाणी कुठे जातं, कामगारांच्या छातीत काय जातं, अहवालात खरं काय लिहायचं. सस्टेनेबिलिटी ट्रेनिंग म्हणतात त्याला. परदेशातलं गिऱ्हाईक मागतं म्हणून सगळे येतात, चहा-बिस्किटं खातात आणि प्रमाणपत्र घेऊन जातात. काल बेळ्ळंदूरला एका ऑफिसात असाच वर्ग होता. प्रत्येकाने आपल्या कंपनीतलं एक चांगलं उदाहरण दाखवायचं होतं. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्लेटिंगच्या, म्हणजे धातूला मुलामा देणाऱ्या, कारखान्याचा तरुण मालक उठला आणि त्याने पडद्यावर एक जुना फोटो लावला. काचेची टाकी, तिच्यात लाल मासे, आणि शेजारी खाकी शर्टात तुम्ही, चक्क हसताय.

"आमचं सांडपाणी शुद्ध होऊन या टाकीत यायचं," तो सांगत होता. "मासे जगायचे, म्हणजे पाणी स्वच्छ. वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे हे संस्कार आहेत." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हातातला पेन घट्ट धरून उभी होते.

ते मासे तर मी निवडलेले असायचे, अण्णा. तपासणीचा साहेब येणार असला की आदल्या दिवशी तुम्ही मला स्कूटरवर पुढे उभी करून मासेवाल्याकडे न्यायचात. मी काचेला नाक लावून बघतेय, आणि तुम्ही मागून म्हणताय, "स्वल्प मोठे बघ गं, बारके टिकत नाहीत." मला वाटायचं, माझे लाड चाललेत. टाकीत टँकरचं पाणी भरायचं आणि हे मासे सोडायचे, हे त्या कारखान्यात तुमचं काम होतं. साहेब आला, बघून गेला, की टाकीकडे पुढच्या तपासणीपर्यंत कुणी ढुंकूनही बघायचं नाही. मोठी होऊन याच कामात पडले तेव्हा मला हे उमगलं, आणि तेवढ्यासाठी मी तुम्हाला माफही केलं होतं. नोकरी होती, मालकाचा हुकूम होता. तुमची वकिली करायला मी कायम तयार असायचे.

पण काल तो फोटो बघता बघता मला कारखान्यातल्या आयुधपूजेचा, दसऱ्याच्या आदला दिवस आठवला, आणि माझी वकिली तिथेच संपली. मशीनला झेंडूच्या माळा घातल्यात, दारात कोहळा फोडलाय, सगळ्यांच्या बायकामुलांना चुरमुरे वाटताहेत. तिखट लागलं म्हणून मी अंगणातल्या बोअरच्या नळाला ओंजळ लावते. तुम्ही धावत येऊन माझ्या हातावर फटका मारता. त्याआधी तुम्ही मला कधी बोटही लावलं नव्हतं. "इथलं पाणी तोंडाला लावायचं नाही. आईकडे घरचं आहे, ते पी." मी रडत आईकडे जाते. तेवढ्यात भिंतीपलीकडच्या खोल्यांमधली एक बाई कडेवर लेकरू आणि हातात पाण्याची बिंदगी घेऊन येते, आणि तुम्ही, माझे अण्णा, तिला वाट करून देता. "भर अक्का, लवकर भरून घे, मग गर्दी होईल."

सांडपाणी जमिनीत मुरून त्या बोअरला उतरतं, हे तुम्हाला माहीत होतं. स्वतःच्या लेकीपुरतं पक्कं माहीत होतं. त्या बाईला एक शब्द सांगितला असता तर कोण तुम्हाला फाशी देणार होतं? सकाळी तुमच्या नाकातून रक्त यायचं आणि तुम्ही उष्णता म्हणून सब्जा प्यायचात; ती उष्णताच आहे असं तुम्हाला वाटत होतं, हेही आता मला खरं वाटत नाही. तुम्ही जाण्याचं दुःख मी इतकी वर्षं केलं. त्या लेकराचं काय झालं, ते कोण विचारणार?

मी वर्गात बोलले. ते मासे दुकानातले होते, टाकीत टँकरचं पाणी असायचं, हे सगळ्यांसमोर सांगितलं. त्या पोराचा चेहरा उतरला. भिंतीपलीकडच्या खोल्या अजून आहेत का, असं विचारलं तर म्हणाला, आहेत, आणि आमच्याच बोअरवर पाणी भरतात. मग मी सांगून टाकलं की ते पाणी तपासून त्या लोकांना निकाल कळवल्याशिवाय मी त्याच्या प्रमाणपत्रावर सही करणार नाही. तो "सरी मॅडम, करतो" म्हणाला. करतो की नाही ते बघतेच. या वेळी मी पाठ सोडणार नाही.

जाताना त्याने पडद्याकडे बोट दाखवलं. "वडील म्हणायचे, यांच्याइतका इमानी माणूस मिळणार नाही. तुम्ही ओळखत होता का यांना?"

मी नाही म्हणाले.

आणि काल घरी येऊन आईला सांगितलं की आज अण्णांचा फोटो दाखवला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती आज दिवसभर खुशीत होती, शेजारच्या अक्कांनाही सांगून आली. बाकीचं मी तिला सांगणार नाही, अण्णा, आणि हा कागदही तिच्या हाती लागू देणार नाही.