मंजुळा टॉकीजची शेवटची काच

७ नोव्हेंबर, शुक्रवार

मंजुळा टॉकीज अठ्ठावीस तारखेला बंद! शेठनी तसा कागद तिकीटखिडकीवर चिकटवला — तोही वाकडा. बासष्ट वर्षांच्या टॉकीजला निरोपाच्या चार ओळी, त्यातल्या दोन ‘येथे वाहने लावू नयेत’ याबद्दल. पाडून पार्किंग करणार म्हणे. बरोबरच आहे. पेठेत सध्या तेवढंच हाऊसफुल्ल चालतं.

मी इथे आठ महिने डोअरकीपर. त्याआधी इंजिनिअरिंग. तिसऱ्या वर्षी सरांच्या टेबलावर जर्नल आपटलं, ‘घाला चुलीत’ म्हणालो आणि बाहेर पडलो. पुढचं काही ठरवलं नव्हतं. बार्शीला आईला अजून वाटतं, पोरगं परीक्षेच्या तयारीत आहे.

नोकरी जाण्याचं दुःख नाही. पण मंगळवारी आणि शुक्रवारी मॅटिनीला पूर्णिमा येते. बाल्कनी, डी-अकरा. एकटी. (नाव कसं कळलं? फोनवर म्हणत होती, ‘हो, पूर्णिमाच बोलतेय.’) मागचा सिनेमा तर तिने चारदा पाहिला. केवढं ते वेड! तीन महिन्यांतलं आमचं संभाषण — मी: ‘बॅटरी धरू?’ ती: ‘नको, पाठ आहे.’ एकूण शब्द पाच.

तीन शुक्रवार उरले. बोलायलाच हवं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आली. बोललो नाही. गाढव.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

बंद होणार कळल्यापासून लोक हळहळायला येतायत. आत नाही, दारापर्यंत. एक काका सेल्फी काढता काढता म्हणाले, ‘आमचं बालपण गेलं हो इथे!’

म्हटलं, ‘शेवटचं तिकीट कधी काढलंत?’

‘मॅनेजर कुठे आहे?’

‘तेही काढून टाकलेत.’

शेठनी झापलं. मीही उलटून बोललो. काढून टाकणार होते, मग आठवलं असावं — सगळ्यांनाच काढायचंय.

संध्याकाळी रज्जाकचाचांच्या केबिनमध्ये बसलो. चाळीस वर्षं प्रोजेक्टरवर. आता सगळं कॉम्प्युटरवर, चाचा फक्त बटण दाबतात. पण जुनं स्लाइडचं मशीन रोज पुसतात. म्हणाले, ‘तेव्हा मोबाइल कुठे होते बेटा? आत बसलेल्या माणसाला निरोप द्यायचा तर काचेवर काजळी धरायची, सुईने नाव कोरायचं, काच उलटी घालायची. पडद्यावर सुलटं!’

पडद्यावर! वीस फुटी अक्षरात तिचं नाव! चाचा पुढेही बरंच काही सांगत होते. माझं लक्ष कुठलं!

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

लिहावंसं वाटत नाही. तरी लिहितो.

चाचा जुम्म्याच्या नमाजाला गेले. मी काच केली. ‘पूर्णिमा यांनी त्वरित बाहेर यावे.’ ‘त्वरित’मुळे जरा वजन येतं असं वाटलं. काच घातली आणि खाली फोयरमध्ये येऊन उभा राहिलो. हातात दोन समोसे.

आत शिट्ट्या पडतील असं वाटलं होतं. एकदम शांतता. मग जिन्यावर पावलं. ती धावत आली — एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. चेहरा पांढरा.

‘हॉस्पिटलमधून कोण आलंय?’

‘कोणी नाही. मीच... समोसा?’

तिला समजायला वेळ लागला. मग म्हणाली, ‘समोर माझ्या बाबांचं डायलिसिस चालू असतं. चार तास. तिथे बसवत नाही, म्हणून इथे येऊन बसते. सिनेमा कुठला आहे तेही बघत नाही मी. आत रेंज नाही. मला वाटलं, फोन लागला नाही म्हणून माणूस पाठवला. मला वाटलं, बाबा गेले.’

ओरडली नाही. ओरडली असती तर मीही ओरडलो असतो. ते मला जमतं. ती तशीच एका चपलेनिशी रस्ता ओलांडून गेली.

चाचा आले. त्यांना पडद्याचं कोणीतरी सांगितलंच होतं. ‘काल हेच सांगत होतो. ऐकलंस? बाकीचे निरोप डोअरकीपर आत जाऊन कानात सांगायचा. काचेवर नाव एकाच कामाला — घरचं माणूस गेलं तर. नाव आलं की पुढच्या रांगेतली टवाळ पोरंसुद्धा गप्प व्हायची.’

समोसे कुत्र्याला घातले. त्यानेही एकच खाल्ला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आली नाही. चप्पल डी रांगेत सापडली. तिकीटखिडकीत ठेवलीय.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

नाही आली. चप्पल घेऊन हॉस्पिटलच्या दारात गेलो. वॉचमन म्हणाला, ‘पेशंटचं नाव?’

बाबांचं नाव कुठे माहीत आहे मला!

‘नातं काय?’

काय सांगणार? चप्पल दाखवली. म्हणाला, ‘हाडांचा विभाग मागच्या बाजूला.’

आईचे तीन मिस्ड कॉल. काय बोलायचं? परीक्षा चालू आहे म्हणून?

२५ नोव्हेंबर, मंगळवार

शेठ खुर्च्या विकतायत. एकाला नेमकी डी-अकरा पसंत पडली. मोडकी आहे, ढेकूण आहेत, म्हटलं. त्याने शेजारची नेली.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार, दुपार

आजच्या सहाच्या शोची सगळी तिकिटं गेली. दहा वर्षांत पहिल्यांदा! हाऊसफुल्लचा बोर्ड अर्धा तास शोधला. मोरीवर झाकण म्हणून ठेवला होता. धुऊन लावला.

मॅटिनीला ती नव्हती. डी-अकराचं तिकीट मी विकू दिलं नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

काल मध्यंतरानंतर पडदा काळा झाला आणि अक्षरं आली. ‘उत्तरेश्वर यांनी त्वरित बाहेर यावे.’

अख्खं थिएटर गप्प. माझं नाव! आई! पंधरा दिवस फोन उचलला नव्हता तिचा. कोणाकोणाला तुडवत बाहेर पळालो.

फोयरमध्ये पूर्णिमा. बोटं काजळीने काळी — म्हणजे चाचा सामील, माझं नावही त्यांनीच सांगितलं असणार.

‘कळलं आता?’

मान हलवली.

‘चप्पल द्या. बाबा रिक्षात आहेत, उरलेला सिनेमा बघायचाय त्यांना. जिन्यावर एका बाजूने तुम्ही धरा.’

‘दोन मिनिटं,’ म्हटलं, आणि आधी आईला फोन लावला.