उंचीप्रमाणे रांग

६ जानेवारी, सोमवार
आरोग्य केंद्रात डोळ्यांचे डॉक्टर तीन सोमवार येणार. मोतीबिंदू पिकलेल्यांना परभणीला नेऊन फुकट ऑपरेशन. माझे दोन्ही डोळे तयार आहेत. शाळेच्या पुस्तकातल्या कविता उघडाव्यात तर नुसत्या मुंग्या.
जाऊन पाहतो तर रांगेत माणसं नाहीत, चपला! मालक लिंबाखाली गप्पा हाणत बसलेले. चौथीत मी मॉनिटर होतो, राहवेना. चपला बाजूला सारल्या, प्रार्थनेला लावायचे तशी उंचीप्रमाणे रांग लावली. बुटके पुढे. भांडणाला जागाच नाही.
सगुणाबाई म्हणाली, "भाऊ, माजी चप्पल हुबी र्‍हायची अन् मी बसायची. आता मी हुबी अन् चप्पल बसली." सुधारणा कळायला वेळ लागतो.
मी सहा फूट. नंबर आला नाही. पुढच्या सोमवारी नक्की.

७ जानेवारी
आमची बायको मनकर्णा चिडली. लोकांच्या चपला उचलायला कुणी सांगितलं होतं, म्हणे. थोरांच्या घरी असंच असतं.
संकल्प: ताटकळणाऱ्यांना पाठ कविता म्हणून दाखवणे. साभिनय.

१३ जानेवारी, सोमवार
कविता रंगल्या. एकही जण रांग सोडून गेला नाही.
आज सगळे कमरेत वाकून आले होते. सिताराम पहिलवानसुद्धा. काव्यानं माणसात केवढा विनय येतो. मनकर्णानं मलाही खांदा धरून खाली दाबलं. मॉनिटर वाकत नसतो.
नंबर यायच्या आत डॉक्टर उठले.

२० जानेवारी, शेवटचा सोमवार
गाडीत दोनच जागा उरलेल्या. मनकर्णा माझा हात धरून न्यायला आलेली, उंची साडेचार फूट. सितारामनं तिलाच रांगेत पुढं उभं केलं. ती नुसती सोबत आलीय, असं मी सांगितलं. तो म्हणाला, "नियम म्हंजे नियम, काका."
तिचे डोळे माझ्यापेक्षा पिकलेले निघाले. कधी बोलली नाही. एक जागा तिला, दुसरी सगुणाबाईला. मला डॉक्टर म्हणाले, दिवाळीनंतर बघू.
पद्धत मात्र यशस्वी.

२२ जानेवारी
ती परभणीला. डबे सगळे सारखेच दिसतात. चहात मीठ पडलं. खारा चहा पचनाला बरा असावा.

२४ जानेवारी, शुक्रवार
मनकर्णा आली, काळा चष्मा लावून. दारातच तो काढला आणि माझ्याकडे एकटक बघत राहिली. किती वर्षांनी असं बघितलं. मी जरा ताठ झालो, एखादी ओळ म्हणावी म्हणून घसा खाकरला.
ती म्हणाली, "अगं बाई. तुमी लय म्हातारे झालात की हो."
आणि चष्मा परत लावला.