मऊ नळ्यांचा अहवाल

२ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

फोनवर आपण भांडतो, म्हणून लिहिते. झालं ते असं:

१. बायपासमध्ये नवी रक्तवाहिनी टाके न घालता जोडणारी आमच्या कंपनीची कडी मी प्रयोगशाळेत चाळीस सुट्या वाहिन्यांवर तपासली. एकही जोड गळला नाही.

२. त्या चाळीस मीच निवडल्या होत्या. कडक झालेल्या कापताना चिरतात, म्हणून मऊ तेवढ्या घेतल्या. अहवालात तसं लिहिलं नाही.

३. बाबांचे रिपोर्ट परवा पाहिले. त्यांच्या बायपासमध्ये कडी बसणार तिथेच धमनी कडक आहे.

४. काल कडक वाहिन्या तपासल्या. वीसपैकी अकरा गळल्या.

सर्जनना कळवलं आहे. आता ते हातानेच टाके घालणार. त्यासाठी संमतीचा नवा कागद लागेल. बाबांची सही तेवढी घे.

लोभ ठेव, या वेळी राग आला तरी चालेल.

तुझी,
छोटी


५ मार्च

चि. छोटीस अ. आ.

तुझं पत्र वाचून लगेच नवा कागद बाबांपुढे ठेवला. बाबा सही करत नाहीत. बारा तारखेला ऑपरेशन, आणि हे वॉर्डभर सांगत सुटलेत की छातीत माझ्या पोरीची कडी बसणार. शेजारच्या खाटेवरच्या मास्तरांना तुझा अहवाल वाचून दाखवला, तोही उभं राहून. टाकेच घालायचे तर घरी जातो म्हणतात. डॉक्टर म्हणाले, घरी नेलंत तर महिना निघणं कठीण.

हुशार तू, म्हणून आजवर गप्प बसलो. आता माझं ऐक. चष्मा मी लपवतो, कागद पुढे सरकवतो. कडीच बसवली असं नंतर सांगू.

जीव आहे तुझ्यावर, म्हणूनच चिडलोय.

दादा


७ मार्च

ती. बाबांस शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्ही स्वतः, चष्मा लावून वाचा.

माझी कडी तुमच्या धमनीला चालणार नाही. सोप्या वाहिन्या तपासल्या आणि अवघड बाजूला सारल्या, ही चूक माझी. तुम्ही चाळीस वर्षं नळ जोडलेत. गंजलेला पाइप न बघता नवा जोड दाबून बसवणाऱ्याला तुम्ही दुसऱ्या दिवशी कामावर घेतलं नसतं.

अहवाल मी मागे घेतला आहे. नोकरीचं काय ते पुढे ठरेल. मास्तरांना हेही वाचून दाखवा, पण बसून.

सर्जननी अशा कडक धमन्यांवर शेकडो जोड हाताने शिवले आहेत. मी एकही नाही. घरी जाऊ नका, बाबा. माझ्यावर रागवायला तुम्ही हवे आहात.

सही केलीत की नाही, ते बुधवारी, अकरा तारखेला दुपारपर्यंत कळवा.

तुमची,
छोटी