दहापैकी नऊ

सोमवार, ३ तारीख
आज कामावर रुजू झाले. मॅट्रिकनंतर सगळं आयुष्य घरात गेलं आणि या वयात नोकरी, म्हणून धाकधूक होती. पण घर पाहून जीव निवांत झाला. तळमजल्यावरच्या तीन खोल्या, स्वच्छ, भरपूर उजेड. सासूबाईंचं वर्षभराचं आजारपण मी काढलं, तेच प्रमाणपत्र धरून नर्सबाईंनी मला इथे लावलं. राहायला जागाही इथेच, स्वयंपाकघरालगत.

रोगी म्हणजे अण्णा. गोदामावर मुकादम होते. पोटातली गाठ यकृतापर्यंत पोचली आहे. डॉक्टरांनी उपचार थांबवले. आता जेवढे दिवस आहेत तेवढे त्रास कमी करायचा, एवढंच. अंगावर मांस उरलेलं नाही, पण पंजे अजून फावड्याएवढे. त्यांची बायको, काकू, चिमणीएवढी आणि हसरी. डावा कान ऐकत नाही, नाक किंचित वाकडं. माझी नजर तिकडे गेली तशी म्हणाल्या, जिन्यावरून पडले हो, आमचा जिना भारी खोडकर. मीही हसले. जिना मात्र कुठे दिसला नाही. आधीच्या घरी असेल.

नर्सबाई सोमवारी आणि गुरुवारी येतात. त्यांनी एक वही दिली. दर चार तासांनी अण्णांना विचारायचं, दुखणं दहापैकी किती, आणि आकडा लिहायचा. त्यावरून त्या औषध ठरवतात. आकडे मांडणं माझ्या हातचं काम. आज चारही वेळा नऊ.

मंगळवार, ४ तारीख
अंग पुसलं, तोंड आतून ओल्या कापसाने साफ केलं, दर दोन तासांनी कूस बदलली. पाठीला जखम नाही, देवाची कृपा. पण हात लावला की माणूस लहान मुलासारखा कळवळतो. दुपारी मला राहवलं नाही. त्यांचा हात धरून, आई आमच्या तापात म्हणायची तेच म्हटलं: देवा, यांचं थोडं मला दे, मी सोसेन.

दोन वाजता आकडा आठ. पहिल्यांदाच.

काकू दारात उभ्या होत्या. त्यांचं हसू कुठल्या कुठे गेलं. म्हणाल्या, ताई, असलं काही मागत जाऊ नका. मला वाटलं, नवऱ्यासाठी दुसऱ्या बाईने देवाकडे मागितलेलं खटकलं असेल.

बुधवार, ५ तारीख
अण्णांचा आकडा सात. अर्धी वाटी भात खाल्ला. माझ्या उजव्या बरगडीखाली सकाळपासून दुखतंय. सवयीने मीही माझा आकडा समासात टाकला: दोन.

पाणी कोमट होतं म्हणून अण्णांनी पेला भिरकावला. काकूंच्या कपाळाला लागला, भुवई फुटली. मी म्हटलं, आजारी माणूस चिडचिडा होतोच. काकू पदराने रक्त टिपत म्हणाल्या, खरंय, आणि धडधाकट होते तेव्हा तर आणखीच आजारी होते. आम्ही दोघी हसलो. त्यांचं हसणं आधी थांबलं.

गुरुवार, ६ तारीख
नर्सबाईंना नवल वाटलं. अण्णा पाच. उशीला टेकून बसले होते. त्यांनी औषध तेवढंच ठेवलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, चेहरा का उतरलाय? हात धरा, जवळ बसा, पण दुखणं अंगाला लावून घेऊ नका. मनात आलं, पगारी माया अशीच असायची. त्या गेल्यावर दुप्पट मागितलं.

माझा आकडा चार. संध्याकाळी वही उघडून बेरीज केली. काल सात आणि दोन. आज पाच आणि चार. दोन्हींची नऊ. परत करून पाहिली.

शुक्रवार, ७ तारीख
काकूंनी भांडी घासता घासता, माझ्याकडे पाठ करून सांगितलं. जिना कधी नव्हताच. कान बुटाने गेला. नाक उंबऱ्यावर आपटून. दोन बाळं पोटातच गेली, दोन्ही वेळा लाथेने. अडतीस वर्षं. परक्या घरची गोष्ट सांगावी तसं सांगत होत्या. मग हात पुसून म्हणाल्या, मी त्यांचं सगळं मनापासून करते. हागणंमुतणं काढते, शेवटपर्यंत काढीन. शेवट आहे हे माहीत आहे म्हणून होतं. ताई, तुमच्या पाया पडते, त्यांना बरं करू नका.

दुपारी त्या चादर सारखी करायला वाकल्या. अण्णांनी मनगट धरलं आणि फडकं पिळावं तसं पिळलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. अण्णांचा दुसरा हात माझ्या हातात होता. मी तो अजून धरूनच होते.

तीन आणि सहा.

शनिवार, ८ तारीख
कालपासून प्रार्थना बंद. तरी त्यांचा आकडा खालीच चाललाय. दोन. माझे सात. अन्न ठरत नाही. डोळे पिवळे दिसतात.

भिंत धरून अण्णा चालले. दाराला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. फोन भिंतीवर आपटून फोडला. मग माझ्याशेजारी बसून, अगदी प्रेमाने म्हणाले, ताई, तुम्ही देवमाणूस. तुमच्यामुळे उठलो.

काकू पलंगाखाली लपल्या होत्या. त्यांना केसांना धरून बाहेर ओढलं. मी आडवी गेले. त्यांनी एका हाताने मला बाजूला फेकलं— झुरळासारखं.

रविवार, ९ तारीख. दुपार
आम्ही दोघी स्वयंपाकघरात. कडी लावली आहे. मी दाराला पाठ लावून. उद्या नर्सबाई येतील, त्यांना कळावं म्हणून लिहिते.

पलंग वर-खाली करायचं लोखंडी हँडल अण्णांच्या हातात आहे. काकूंचा जबडा मोडलाय, बोलता येत नाही. पडलेले दोन दात त्यांनी स्वतःच्या मुठीत धरलेत. खिडकीला गज. मी ओरडले. शेजाऱ्यांनी रेडिओ मोठा केला. या घरातला आवाज त्यांना सवयीचा.

अण्णांचा शून्य. माझे नऊ. उभं राहता येत नाही.

दाराची वरची फळी फुटली. हँडलचं टोक दिसलं—

असं मागणं जन्मात मागितलं नव्हतं. मागितलं. देवा, ज्याचं त्याला दे. माझं मला दे, त्यांचं त्यांना.

माझे सात.

पाच. श्वास पुरा घेता येतोय. बाहेर हँडल पडलं.

एक. बाहेर धप्प— माणूस पडल्याचा. किंकाळी. काकूंनी डोळे मिटले. हात जोडले, मोडका हातसुद्धा.

अर्धा तास झाला. दार उघडलेलं नाही. ते रडतायत. माझं नाव घेत नाहीत, ताई म्हणतायत. ताई, पाणी. ताई, फार दुखतंय. ताई, मला एकट्याला मरू देऊ नका. आवाज पहिल्या दिवसाचा, तोच. काकू मान हलवतायत. नाही. नाही. मला माहीत आहे. मी उठत नाही. दात आवळून बसले आहे. तोंडातून एक शब्द—

पण किती कळवळतायत. शब्द मनात आपोआप येतात, मी मागत नाही, नुसते येतात— यांचं थोडं—

दोन. बरगडीखाली.

नको. देवा, मी मागितलं नाही. मला फक्त दया—

चार. रडणं थांबलं.

काकूंनी माझं तोंड दाबलंय. पण मी तोंडाने कुठे—

सहा. फरशीवरून लोखंड उचलल्याचा—

देवा, ही दया काढून घे, माझ्या मनातून ही एवढी—

आठ. बिजागरी—