शार्दूलचा खालचा जबडा

प्रिय ऋतिका,

शार्दूल पहिला आला! पत्र ख्यालीखुशालीने सुरू करावं असं मी शिंदखेड्याच्या शाळेत जन्मभर शिकवलं, पण आज तेवढा धीर नाही. काल जळगावच्या श्वानप्रदर्शनात सगळ्या बॉक्सर कुत्र्यांत तुझा शार्दूल पहिला! तुझा वसतिगृहातला फोटोही मिळाला. नेहमीसारखा तोंडावर हात.

तू पुण्याला शिकायला गेलीस आणि हे पिल्लू माझ्या पायाशी झोपू लागलं. मी कविता म्हणायचो, तो मान तिरकी करून ऐकायचा; वर्गात एवढं कुणी ऐकलं नाही. मग दोंडाईच्याचे बैलांचे व्यापारी भाईदास आले. बाजारात बैलाचे दात बघतात तसं त्यांनी याचं तोंड उघडलं आणि म्हणाले, "आबा, येना खालना जबडा पुढे शे. खोडनं जनावर शे!" झालं. तुझ्या बापाने, हितेंद्रने, ठरवून टाकलं : प्रदर्शनातही हीच खोड निघाली, की कुत्रा पाचोऱ्याला तुझ्या मामांच्या मळ्यावर राखणीला.

परीक्षक बाईंनी आधी अंगावरून हात फिरवला. लांबी तेवढीच उंची, चौकोनी बांधा. नाकाडाची लांबी कवटीच्या निम्मी. तांबूस अंग, तोंडावर काळा मुखवटा. मला तर वृत्ताचे गणच मोजले जातायत असं वाटलं. मग त्यांनी ओठ उचलला. हितेंद्र माझ्याकडे बघेना. बाई म्हणाल्या, "खालचा जबडा पुढे, किंचित वर वळलेला. अगदी असाच हवा. बॉक्सरची ओळखच ही!" मी एकट्यानेच टाळ्या वाजवल्या, लोक वळून बघायला लागले. आमच्याबरोबर आलेल्या भाईदासांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "मी चुकनू, आबा." आणि तुझ्या बापाने येताना शार्दूलला गाडीत स्वतःच्या शालीवर बसवलं!

आता खरं सांगतो. तू सातवीत असताना एका लग्नात कुणीतरी म्हणालं, पोरीने आजोबांचा जबडा घेतला, पुढे आलेला. सगळे हसले. मीही हसलो, ऋतिका. त्या दिवसापासून तुझा हात तोंडावर गेला. काल बाईंचं बोलणं ऐकताना मला तूच दिसत होतीस. कुत्र्याशी तुलना केली म्हणून रागावशील, रागाव. पण दिवाळीला ये. शार्दूल, तू आणि मी, तिघांचा एक फोटो काढू. तुझे दोन्ही हात त्याच्या गळ्यात हवेत, म्हणजे हसताना एकही मोकळा राहणार नाही.

तुझाच, त्याच जबड्याचा,
आबा